‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

निरोपात कोणी फेरफार केला, बोललेला शब्द फिरवला, की ‘ध’चा ‘मा’ केला असे आपण आजही सहज म्हणतो. इथे जन्मलेल्या नातवंडांना मात्र ते समजावून द्यावे लागते, आणि समजावताना आपण एका बाईचे नाव घेतो. आनंदीबाईने एक अक्षर बदलले आणि पुतण्याचा जीव गेला! खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ नाटक 1909 सालचे. प्रभातचा ‘रामशास्त्री’ 1944 साली आला. त्यातली ललिता पवारांची आनंदीबाई आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पण नाटक-सिनेमा बाजूला ठेवून, खुनाचा तपास म्हणून हे प्रकरण पाहिले, तर त्या बाईविरुद्ध पुरावा तरी काय होता?

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले. गादीवर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव आला, वय अवघे सतरा. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना पेशवेपदाची हाव जुनी. माधवरावांनी त्यांना 1768 साली धोडपला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. नारायणरावाने काही काळाने तो पहारा पुन्हा कडक केला. एकाच वाड्यात पुतण्या राज्य करतो आणि काका कैदेत, असा तो संसार.

30 ऑगस्ट 1773. गणपतीचे दिवस. वाड्यातल्या गारद्यांत काहीतरी शिजत आहे अशी कुणकुण नारायणरावाला लागली होती. कुलाब्याचे रघुजी आंग्रे त्या वेळी पुण्यात होते, त्यांनीच त्याला सावध केले असे सांगतात. (अलिबागकडच्या आपल्या गावांवर तेव्हा याच रघुजींचा अंमल होता.) नारायणरावाने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत आधी जेवायला गेले. तेवढ्यात दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ हे आपले गारदी घेऊन पगार मागत वाड्यात घुसले. पोरगा जीव घेऊन पळाला तो थेट काकाच्या खोलीत, आणि त्याने काकाला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. चापाजी टिळेकर या नोकराने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले, तोही कापला गेला. नारायणरावाला अठरावे वर्ष संपून पुरता महिनाही झाला नव्हता.

काका पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी चालवली ती या नव्या धन्याच्या राज्यात, त्याचेच अन्न खात. सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी लहानमोठ्या पन्नासएक माणसांवर ठपका ठेवला. राघोबांनी कबूल केले की आपण कागद दिला होता, पण तो नारायणरावाला ‘धरावे’ असा. शास्त्र्यांच्या हाती आलेल्या कागदावर ‘मारावे’ असे होते.

इथे बाई गोष्टीत शिरते. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ याने आपला ग्रंथ 1826 साली छापला, खुनानंतर 53 वर्षांनी. अक्षर आनंदीबाईनेच बदलले असे त्याने लिहिले आणि तेच रूढ झाले. तो कागद मात्र आजवर कोणाला दाखवता आलेला नाही. हिब्रूत दालेतचा रेश व्हायला एक कोपरा गोल झाला की पुरे. ‘ध’चा ‘मा’ करायला खाडाखोड हवी. तशी खाडाखोड असलेला हुकूम घेऊन पेशव्यांवर हात टाकायला गारदी इतके भोळे होते काय?

मला तर वाटते, अक्षर बदलण्याची गरजच नव्हती. पेशव्याला नुसते धरून गारदी काय करणार होते? नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत सारे बाहेर मोकळे. पेशवा जिवंत राहिला असता तर तो एकदोन दिवसांत सुटला असता आणि गारद्यांची मुंडकी उडाली असती. राघोबांनी पुतण्याला सोडा म्हणून विनवले तेव्हा सुमेरसिंगाने हेच बोलून दाखवले, असे डफच लिहितो. मी इतका पुढे आलो तो स्वतःचा नाश करून घ्यायला नव्हे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर. म्हणजे ‘धरावे’ लिहिणाऱ्याला पुढचे दिसत नव्हते असे मानायचे तर राघोबांना फारच भाबडे ठरवावे लागेल. अटकेपर्यंत फौज नेलेला हा माणूस! शिवाय खून झाल्यावर त्यांनी मारेकऱ्यांना शासन केले नाही आणि पेशवाईची वस्त्रेही घेतली.

आनंदीबाई निर्दोष होती असे मी म्हणत नाही. ती हुशार होती, नवऱ्याच्या हक्कासाठी झटणारी होती, आणि कटाची तिला माहिती असणे अगदी संभवते. परंतु रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबांना, तिला नव्हे. ते सांगून शास्त्री पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेले आणि 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले. राघोबांची पेशवाई तिथेच आटोपली. ते इंग्रजांकडे गेले. 1775 च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली, आणि त्यांच्यापायी सात वर्षे लढाई चालली. 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. पुढे ते कोपरगावी राहिले आणि डिसेंबर 1783 मध्ये वारले. त्यांना कोणी फाशी दिली नाही. आनंदीबाई त्यांच्यामागे दहा वर्षे पुणेकरांच्या नजरकैदेत मुलांना घेऊन जगली आणि मार्च 1794 मध्ये गेली. त्यानंतर तीन वर्षे पुरी व्हायच्या आत तिचा मुलगा बाजीराव पेशवा झाला. तो शेवटचा पेशवा.