वीटभट्टीवर गेलेलं मूल आणि शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप : भिवंडीत पाच मिनिटांची मदत कशी चालते?

भिवंडी म्हटलं की आधी यंत्रमाग आठवतात, हल्ली गोदामं. ऑनलाइन मागवलेलं पार्सल कुठवर आलं हे बघताना हे नाव तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल. याच तालुक्याच्या ग्रामीण भागात वीटभट्ट्या आहेत. दिवाळीच्या आगेमागे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर अशा तालुक्यांतून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं ठाणे-पालघर पट्ट्यातल्या भट्ट्यांवर कामाला उतरतात आणि आगोटीपर्यंत तिथेच राहतात. सोबत शाळेच्या वयाची मुलं असतात.

ही मुलं गावच्या शाळेतून गायब होतात तेव्हा त्यांचा शोध पुष्कळदा एका मोबाइल मेसेजने सुरू होतो. शिक्षकांचे ग्रुप म्हणजे नुसते सुविचार आणि फुलांचे फोटो, असा आपला समज असतो. तो फार चुकीचाही नाही! पण त्याच ग्रुपवर काही कामं अशी होतात, ज्यांचा पगार मिळत नाही आणि अहवालही लिहावा लागत नाही.

मेसेज काय असतो?

समजा, मोखाड्याच्या एका पाड्यावरची शाळा आहे. दिवाळीची सुट्टी संपली आणि तिसरीतल्या तीन मुली आल्याच नाहीत. शेजारी सांगतात, "भिवंडीकडं गेली, भट्टीवर." भट्टी कोणाची, गाव कोणतं, कुणाला ठाऊक नाही. फार तर मुकादमाचं नाव कळतं. मग गुरुजी ग्रुपवर विचारतात, "भिवंडी तालुक्यात कुणी आहे का? तीन मुली तिकडे आल्यात. मुकादमाचं नाव पाठवतो."

यावर दहा जण हात जोडलेली चित्रं टाकतील. एखादाच लिहील, "अंबाडीच्या बाजूला माझे मित्र आहेत, विचारतो" किंवा "पडघ्याकडच्या भट्ट्या मी बघतो." कामाचं उत्तर ते एवढंच. त्यामागे मात्र शाळा सुटल्यावर मोटारसायकल वळवून भट्टीवर जाणं, मुकादमाला गाठणं, आईबापांशी बोलणं आणि जवळच्या शाळेतल्या बाईंना सांगून ठेवणं असतं. मदत पाच मिनिटांची म्हणायची, पण अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

मुलींना गावी आजीकडे का ठेवत नाहीत, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतोच. भट्टीचं काम बयाण्यावर चालतं. कुटुंब हंगामाआधी मालकाकडून उचल घेतं आणि मग ती कामातून फेडतं. विटा पाडायला आईबाप दोघंही लागतात, म्हणून धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण लागते. ती घरकामात अडकली की शाळा सुटते. सहा महिन्यांनी परत आल्यावर वर्गातली मुलं पुढे गेलेली असतात, आणि तिला लाज वाटते म्हणून ती येतच नाही. शाळा सोडायचं कोणी ठरवलेलं नसतं, तरी ती सुटते.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, शाळा बदलायचा त्याला हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी तर स्थानिक प्राधिकरणावर नाव घेऊन टाकलेली आहे.

हंगामी स्थलांतरासाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ शाळेने ते मुलासोबत द्यायचं, जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचं, आणि परतताना मूल काय शिकलं ते मूळ शाळेला कळायचं. कुटुंब कायमचंच हललं असेल तर ऑनलाइन नोंद बदलावी लागते. यूडायस प्लस प्रणालीत जुनी शाळा मुलाचं नाव 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकते, मग नवी शाळा ते आपल्याकडे ओढून घेते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस कोड असतो. शिक्षकांच्या ग्रुपवर "अमुक शाळेचा कोड मिळेल का?" आणि "आमच्या मुलाचं नाव सोडा हो सर" हे मेसेज का येत राहतात, ते आता कळलं असेल.

व्यवस्था आहे, कागदही आहे. पण कुटुंब नेमकं कुठल्या भट्टीवर गेलं, हे कुठल्याच प्रणालीला आपोआप कळत नाही. पहाटे टेम्पो येतो आणि कुटुंब निघून जातं, तेव्हा कार्ड कुणी मागायचं? ही मधली फट माणसांनीच भरावी लागते. याच भागात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालवल्या होत्या (भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी). मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच झोपडीपर्यंत न्यायची, हा त्यामागचा विचार.

यात शिक्षकाला काय मिळतं?

हिशेबाने पाहिलं तर काहीच नाही. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरण्याची पद्धत आहे. भट्टीची मुलं येतात ती त्यानंतर. म्हणजे भिवंडीतल्या बाईंच्या वर्गात डिसेंबरात सहा मुलं वाढली तरी त्यापोटी मदतीला शिक्षक येत नाही. उलट आहाराची रोजची संख्या बदलते, आणि अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. तरीही "पाठवा, बसवते" असं उत्तर येतं. मला विचाराल तर, गुणवंत शिक्षक निवडताना मोजावं असं हे एक काम आहे.

हे ग्रुप वाढले कसे?

व्हॉट्सॲपवर २०१४ च्या अखेरीस एका ग्रुपमध्ये १०० माणसं मावत, २०१६ पासून २५६. म्हणून जुन्या शिक्षक ग्रुपांच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे दिसतात. आता ही मर्यादा १०२४ आहे. साधारण याच काळात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला (शासन निर्णय २२ जून २०१५ चा), शाळांची माहिती ऑनलाइन भरणं सुरू झालं, आणि सर्व्हर चालतो म्हणून रात्री उशिरा जागणाऱ्या शिक्षकांना एकमेकांची गरज पडू लागली. "कोणता पर्याय निवडायचा?" या प्रश्नाला स्क्रीनवर लाल गोल काढून फोटो पाठवणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्यावर तर सगळा अभ्यासच मोबाइलवरून गेला.

भिवंडीत याला भाषेची एक जास्तीची बाजू आहे. शहरात मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, यंत्रमागांमुळे स्थायिक झालेला तेलुगू भाषक समाज आहे. मराठीत तयार झालेली चांगली कार्यपत्रिका उर्दू वर्गात न्यायची तर नुसता अनुवाद पुरत नाही. उर्दू पान उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे गोष्टीच्या चित्रांचा क्रमसुद्धा उलटा लावावा लागतो. मूळ फाइल श्रीलिपीत असेल आणि घेणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हं. ती बसून युनिकोडमध्ये आणायची आणि "आता कुठल्याही मोबाइलवर उघडेल" असं लिहून परत टाकायची, हे फार कंटाळवाणं काम आहे. ते करणाऱ्याचं नाव फाइलवर नसतं.

मोठ्या दानाची बातमी होते. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि १० लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, तेव्हा ते जगभर छापून आलं. ते यायलाच हवं होतं.

बिघडतं कुठे?

पहिली तक्रार सगळ्या शिक्षकांची एकच असते : दुसऱ्याची फाइल घेऊन खालचं नाव खोडायचं आणि स्वतःचं टाकायचं. असं दोनदा झालं की बनवणारा माणूस ग्रुपवर टाकणंच बंद करतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. घाईघाईत मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, फोटो ग्रुपवर पडतात. हजार माणसांच्या ग्रुपमधून ती माहिती कुठे जाईल याचा नेम नाही. जाणते शिक्षक ग्रुपवर फक्त गाव आणि मुलांची संख्या लिहितात, बाकीचं ज्याने उत्तर दिलं त्याला फोन करून सांगतात. आपल्या उदाहरणातल्या गुरुजींनीही मुकादमाचं नाव ग्रुपवर न टाकता "पाठवतो" म्हटलं, ते याचसाठी.

आणि कार्यालयीन ग्रुप वेगळे. तिथे "तात्काळ माहिती सादर करावी" एवढंच येतं, आणि बऱ्याचदा लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनला असते. मोखाड्याचा प्रश्न तिथे विचारायची सोयच नाही.

तुम्ही शिक्षक नसाल तर?

दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसई, वाड्याच्या बाजूला जाताना भट्टीवर शाळेच्या वयाची मुलं दिसली, तर फोटो काढून पोस्ट करू नका. भट्टी कुठल्या गावाच्या हद्दीत आहे ते पाहा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन सांगा, किंवा तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कळवा. मुलाकडे दाखला, आधार कार्ड, जन्माचा पुरावा यातलं काही नसलं तरी त्याला वर्गात बसवता येतं. पालकांशी बोलणं झालं तर मूळ गावाचं आणि पाड्याचं नाव तेवढं नीट विचारून घ्या. तिकडच्या गुरुजींना शोधायला तेच लागतं.