कोवळ्या वयाची गीते : त्यांची पुनर्भेट व जतन

महोत्सवाचे वर्ष हे हिशोबाचे वर्ष होय. धर्मग्रामात किती बाप्तिस्मे झाले, किती विवाहांस आशीर्वाद मिळाला, देवालयाचे छप्पर कितीदा दुरुस्त झाले, ही माहिती जुन्या नोंदवह्यांतून काढून आपण अशा पुस्तिकेत छापतो, आणि ते योग्यच आहे. परंतु देवालयात जे गाइले गेले त्याची नोंद बहुधा कोठेच नसते. त्यातही गायनवृंदातील मुलामुलींनी पंधरा-सोळाव्या वर्षी रचलेली गीते व चाली तर रचणाऱ्यांच्याच हातून प्रथम नाहीशा होतात. माणूस चाळिशीस पोहोचला म्हणजे त्यास आपल्या कोवळ्या वयातील वहीची लाज वाटू लागते. ही लाज कितपत रास्त, आणि त्या वहीचे पुढे काय करावे, याचा विचार दोन थोर संगीतकारांच्या चरित्रांच्या आधारे करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. पैकी पहिल्याची हकीकत एका धर्मग्रामाच्या शतसांवत्सरिक उत्सवाशी निगडित आहे. म्हणून या प्रसंगी ती अप्रस्तुत वाटणार नाही.

व्हिएन्ना शहराच्या तटाबाहेर लिख्टेन्टाल नावाचे एक साधे उपनगर होते. तेथील धर्मग्रामाच्या देवालयात १ फेब्रुवारी १७९७ रोजी एका शाळामास्तराच्या आदल्याच दिवशी जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. तो मुलगा म्हणजे फ्रांझ शूबर्ट. याच देवालयाचे गायनप्रमुख मिखाएल होल्त्सर यांनी त्यास गायनाचे व ऑर्गनचे धडे दिले. पुढे १८०८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, बादशाही प्रार्थनामंदिराच्या गायनवृंदात त्याची निवड झाली व सालिएरीसारखा गुरू त्यास लाभला. आवाज फुटल्यावर मुलाचे गाणे थांबले, पण स्वरलेखन थांबले नाही.

१८१४ साली लिख्टेन्टालच्या देवालयाचा शतसांवत्सरिक उत्सव आला. त्या उत्सवासाठी मिस्सेचे संगीत लिहिण्याचे काम या सतरा वर्षांच्या मुलाने केले. हस्तलिखितावरील तारखांवरून दिसते की १७ मे रोजी त्याने आरंभ केला आणि २२ जुलै रोजी ते पूर्ण झाले. शरद ऋतूत ही मिस्सा देवालयात गाइली गेली. प्रमुख स्त्रीस्वर शेजारच्याच घराण्यातील तेरेसे ग्रोब हिचा होता, ऑर्गनवर थोरला भाऊ फर्डिनांड होता, आणि संचालन स्वतः शूबर्ट करीत होता. थोड्याच दिवसांनी शहरातील ऑगस्टिनियन देवालयातही ती पुन्हा सादर झाली. ज्या धर्मग्रामाने मुलास स्वर शिकविले, त्याच धर्मग्रामास मुलाने आपली पहिली संपूर्ण मिस्सा अर्पण केली, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

येथपर्यंतची हकीकत अनेकांस ठाऊक असते. आमचा विषय येथून पुढे सुरू होतो. शूबर्ट आपल्या या बालकृतींकडे पुनःपुन्हा परतला. १८१५ च्या एप्रिलात त्याने या मिस्सेच्या शेवटच्या भागास, जेथे शांतीचे दान मागितले जाते तेथे, संपूर्ण नवे संगीत लिहिले. त्याच वर्षीच्या जुलैत, वय अठरा असता, त्याने एका स्त्रीस्वरासाठी ‘साल्वे रेजिना’ रचिले. पवित्र मरियेस राणी म्हणून वंदन करणारी ही जुनी लॅटिन प्रार्थना, जी आपण रोजरीच्या शेवटी मराठीत म्हणतो, तीच ही होय. पुढे १८२३ साली, वय पंचवीस-सव्वीस असता, त्याने ही वही पुन्हा उघडली, वाद्यमेळात फुंकवाद्यांची भर घातली, आणि १८२५ साली ती कृती छापून प्रसिद्ध झाली. अठराव्या वर्षीची प्रार्थना त्याने टाकून दिली नाही. तिच्या भोवती प्रौढ हाताने अधिक भरदार साथ उभी केली.

त्याच्या प्रसिद्ध गीतांचेही असेच झाले. १९ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने गटेच्या नाटकातील चरख्यापाशी बसलेल्या ग्रेट्खेनचे गीत लिहिले, आणि पुढल्या वर्षी गटेचेच ‘एर्लकोनिग’. या दुसऱ्या गीतात आजारी मुलास उराशी धरून रात्री घोडा दौडविणाऱ्या पित्याची कथा आहे. पियानोवर उजव्या हाताचे अखंड तिहेरी आघात ही त्या घोड्याची दौड. या एका गीताची चार रूपे आज उपलब्ध आहेत. १८१६ साली श्पाऊन नामक मित्राने गटेकडे गीतांची वही पाठविली, तेव्हा तीत साथीचे सोपे रूप लिहिले होते, एका मात्रेत तीनऐवजी दोनच स्वर. गटेने वही अभिप्रायावाचून परत केली. पुढल्या वर्षी लाइपझिगच्या एका प्रकाशन संस्थेने गीत नाकारले, आणि हस्तलिखित चुकून ड्रेस्डेन येथे राहणाऱ्या फ्रांझ शूबर्ट याच नावाच्या दुसऱ्या संगीतकाराकडे धाडले. त्या गृहस्थास हे आपल्या नावावर कोणी खपविले म्हणून रागच आला!

शेवटी १८२१ च्या मार्च महिन्यात फोगल या नामांकित गायकाने हे गीत व्हिएन्नाच्या रंगभूमीवर गाइले, मित्रांनी छपाईचा खर्च उचलला, आणि ‘एर्लकोनिग’ शूबर्टची पहिल्या क्रमांकाची कृती म्हणून प्रसिद्ध झाली; ग्रेट्खेनचे गीत दुसऱ्या क्रमांकाची. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. चोवीस वर्षांचा हा रचनाकार तोवर शेकडो गीते लिहून बसला होता. तरी जगापुढे प्रथम येताना त्याने सतराव्या-अठराव्या वर्षांची गीते पुढे केली. छापील रूपात त्याने बारीकसारीक फेरफार केले, साथीचे तिहेरी आघात मात्र कायम ठेविले. गटेसाठी सोपी केलेली दौड त्याने जगासाठी सोपी केली नाही.

ही पुनर्भेट शक्य झाली ती दोन सवयींमुळे. पहिली सवय रचनाकाराची : शूबर्ट आपल्या हस्तलिखितांवर बहुधा तारीख घालीत असे. दुसरी त्याच्या माणसांची : १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो निवर्तला, तेव्हा त्याचे कागद भाऊ फर्डिनांड याने जपून ठेविले. उत्सवाची ती मिस्सा शूबर्टच्या हयातीत छापली गेली नव्हती. कागद टिकला म्हणूनच ती टिकली. १८३९ च्या आरंभी शूमान फर्डिनांडच्या घरी गेला, तेव्हा ज्या कागदांच्या ढिगातून थोरली सी मेजर सिंफनी उजेडात आली, तो ढीगही याच जपणुकीचे फळ होता.

शूबर्टच्या काळी गीत नोंदविणे म्हणजे कागदावर उतरविणे एवढेच होते. त्याचा स्वतःचा पियानो आपणांस कधीच ऐकावयास मिळणार नाही. १८७७ साली एडिसनने ध्वनिलेखन यंत्र सिद्ध केले, आणि रचनाकारास आपले गीत स्वतःच्या हातांनी तबकडीवर ठेवून जाण्याची सोय हळूहळू झाली. या सोयीचा लाभ आपल्या बालरचनांस ज्याने दिला, अशा एकाचे उदाहरण आम्ही दुसरे म्हणून घेतो. बेंजामिन ब्रिटन इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट या गावी २२ नोव्हेंबर १९१३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, जन्मला. तो अँग्लिकन घरात वाढला; तथापि १९३० च्या जुलैत, शाळेतील आजाऱ्यांच्या खोलीत पडून असता, या सोळा वर्षांच्या मुलाने पवित्र मरियेचे जे स्तोत्र स्वरबद्ध केले, ते आज कॅथलिक देवालयांतही आदराने गाइले जाते. इसवी सन १३०० च्या सुमाराच्या त्या कवितेत इंग्रजी व लॅटिन आळीपाळीने येतात. ब्रिटनने मोठ्या वृंदास इंग्रजी दिले व लहान वृंदास लॅटिन, जणू पृथ्वीने बोलावे आणि दुरून उत्तर यावे. १९३४ साली त्याने ते तपासून सुधारले. १९७६ च्या डिसेंबरात ऑल्डबरा येथील देवालयात त्याचा अंत्यविधी झाला, तेव्हा त्याने अखेरच्या वर्षांत लिहिलेली एखादी कृती नव्हे, तर हेच शाळकरी वयातील स्तोत्र गाइले गेले.

त्याची आणखी दोन कामे आमच्या विषयास नेमकी लागू पडतात. एकोणिसाव्या वर्षी त्याने ‘अ बॉय वॉज बॉर्न’ ही नाताळची वृंदरचना पूर्ण केली, १९५५ साली ती सुधारली, आणि १९५७ साली स्वतःच्या संचालनाखाली तिचे ध्वनिमुद्रण केले. दुसरे काम अधिक हृद्य आहे. १९२८ ते १९३१ या काळात, चौदा ते सतरा वर्षांच्या वयात, त्याने वॉल्टर द ला मेअर या कवीच्या कवितांना चाली लावल्या होत्या. १९६८ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांतील पाच गीते निवडून त्याने ‘टिट फॉर टॅट’ या नावाने सिद्ध केली. १९६९ साली ऑल्डबरा येथे जॉन शर्ली-क्वर्क यांनी ती गाइली, आणि पुढे काही वर्षांतच त्याच गायकासह, स्वतः पियानोस बसून, ब्रिटनने ती तबकडीवर नोंदविली. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत त्याने या गीतांच्या थोरवीचा काहीही दावा केलेला नाही. मुलाच्या दृष्टीत एक साधेपणा व स्वच्छता होती, एवढेच त्याचे म्हणणे.

याच्या उलट मार्गही आहे, हे सांगितले पाहिजे. ब्राह्म्स यांनी आपल्या तरुणपणाच्या पुष्कळ रचना नष्ट केल्या. रचनाकारास तो अधिकार आहे, आणि प्रत्येक वही जपण्यालायक असतेच असे नाही. तरी नष्ट करण्याचा निर्णय मागे घेता येत नाही, जपण्याचा येतो; हा भेद लहान नव्हे. शूबर्ट व ब्रिटन यांच्या वर्तनातून आम्हांस एक नियम दिसतो. प्रौढाने मुलाचा हात सुधारावा, त्याची दृष्टी सुधारू नये. साथ दुबळी असेल तर भरावी, स्वर अडखळत असेल तर मोकळा करावा. परंतु ज्या भावनेने गीत जन्मले ती आपल्या आजच्या शहाणपणाने झाकून टाकू नये. सोळाव्या वर्षीची श्रद्धा पन्नासाव्या वर्षी पुन्हा नव्याने रचता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषांस उपासनेत वाट मोकळी झाली. तेव्हापासून मराठी गीतांची गरज अखंड आहे. जी मुले तेव्हा गायनवृंदात उभी राहिली, ती आज आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्या ट्रंकेत एखादी वही असेल, वही नसली तर कंठात एखादी चाल असेल. ध्वनिमुद्रणास आज मोठ्या खर्चाची गरज नाही. खिशातील मोबाइल फोन आरंभास पुरतो. म्हणून आमची विनंती एवढीच : गीत कोणी रचिले, कोणत्या वर्षी, कोणत्या सणासाठी, हे प्रथम लिहावे, मूळ रूप जसेच्या तसे गाऊन नोंदवावे, सुधारणा करावयाची तर ती वेगळ्या पानावर करावी व दोन्ही जपावीत, आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी ठेवावी. ज्या मुलांच्या हाती आज पेटी व गिटार आहे, त्यांनीही आपल्या पानाच्या कोपऱ्यात तारीख घालण्याची सवय लावावी. पुढील महोत्सवाची पुस्तिका लिहावयास जो बसेल, त्यास बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या आकड्यांबरोबर या धर्मग्रामाचा आवाजही हाती लागो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.