पूर्वध्वनिमुद्रित संगीतप्रसारण

नभोवाणीवरील गीते व त्यांना जोडणारे निवेदन प्रक्षेपणापूर्वीच ध्वनिमुद्रित करून ठरलेल्या वेळी ऐकविण्याची पद्धती. या पद्धतीत गीत निवडण्याचे स्थळ व काळ हे ते ऐकण्याच्या स्थळकाळापासून अलग होतात. एकाच ठिकाणी सिद्ध झालेला कार्यक्रम त्यामुळे दूरवर पोहोचतो; तथापि गीते कोणी व कोणासाठी निवडावयाची, हा प्रश्नही त्यातूनच उद्‌भवतो. मोठ्या निर्मितिकेंद्रांपासून दूर असलेल्या मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे.

इतिहास : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. त्यामुळे नभोवाणीच्या आरंभकाळात गायनवादन बहुधा प्रत्यक्षच होई. अमेरिकेत बिंग क्रॉझ्बी या गायकाने १९४६ मध्ये आपला साप्ताहिक कार्यक्रम तबकड्यांवर आणि १९४७ मध्ये चुंबकीय फितीवर आधी मुद्रित करण्यास प्रारंभ केला. फीत कापून पुन्हा जोडता येत असल्याने चुकलेला भाग वगळणे व कार्यक्रम नेमक्या वेळेत बसविणे सुलभ झाले.

हैदराबाद संस्थानात हैदराबादखेरीज औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथेही नभोवाणी केंद्र होते. १९५० मध्ये ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. बा. वि. केसकर हे १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर मर्यादा आल्या. शास्त्रीय संगीताला त्याचा लाभ झाला. परंतु चित्रपटगीतांचा श्रोता लघुलहरींवरून ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळला. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अमीन सयानी मुंबईत करीत आणि ध्वनिफिती विमानाने कोलंबोस पाठविल्या जात. गीतांचा क्रम ठरविताना ध्वनिमुद्रिकांची विक्री व श्रोतृसंघांची मते विचारात घेतली जात. म्हणजे भारतात निवडलेली गीते परदेशी प्रक्षेपकावरून भारतीय श्रोत्यांकडे परत येत.

यास उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची ‘विविध भारती’ ही सेवा सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिचे व्यापारी प्रसारण होऊ लागले. मध्यवर्ती ठिकाणी मुद्रित झालेल्या कार्यक्रमांच्या फिती निरनिराळ्या केंद्रांकडे पाठविल्या जात. पुढे हे काम कृत्रिम उपग्रहाद्वारे होऊ लागले. मराठवाड्यात १९६८ मध्ये परभणी येथे आकाशवाणी केंद्र स्थापन झाले.

निवड व निर्मिती : ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमात निवेदक स्वतःच एखाद्या भावनेस अनुसरून गीते निवडतो व निवेदन लिहितो. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रे निर्णायक असत. संगणकयुगात निवडीचे बरेचसे काम आज्ञावलीकडे गेले. गीताची लय, भाव, काळ व गायक यांची नोंद केल्यावर एकाच गायकाची गीते लागोपाठ येऊ नयेत, ठराविक अवधीपूर्वी गीताची पुनरावृत्ती होऊ नये, अशा नियमांनी संगणक यादी तयार करतो. निवेदक संपत आलेल्या गीताचा शेवट व पुढील गीताचा आरंभ ऐकून त्यांमधले बोल तेवढे मुद्रित करतो. त्यामुळे कित्येक तासांचा कार्यक्रम अल्पावधीत पूर्ण होतो. प्रक्षेपणाच्या वेळी विसंगत ठरतील असे हवामानाचे किंवा ताज्या घटनांचे उल्लेख मात्र त्यास टाळावे लागतात.

उपग्रह नभोवाणी : २१ मार्च २००० रोजी वर्ल्डस्पेस या संस्थेचा ‘एशियास्टार’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. विशिष्ट ग्राहकयंत्र व लहान आकाशक यांच्या साहाय्याने वर्गणीदारास थेट उपग्रहावरून अनेक वाहिन्या ऐकता येत. ‘गंधर्व’ ही त्यांपैकी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची वाहिनी होती. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या रसिकासही मुंबईतील रसिकाइतक्याच स्पष्टतेने रागसंगीत मिळणे, हा या सेवेचा मोठा गुण होता. ३१ डिसेंबर २००९ रोजी तिचे भारतातील प्रसारण बंद पडले.

मूल्यमापन : पूर्वमुद्रणामुळे निर्दोषता, काटकसर व दूरवर पोहोच साधते, निवेदनही विचारपूर्वक लिहिता येते. पण त्याची मर्यादाही तेथेच आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस. देशभरासाठी बनविलेल्या यादीत त्यास स्थान मिळेलच असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. अशा आपत्तीत लोकांना हवी असते ती त्या क्षणाची माहिती व ओळखीचा आवाज. आधी भरून ठेवलेली ध्वनिफीत ही गरज भागवू शकत नाही. दूरवरच्या निर्मितिकेंद्रातून येणारे संगीत स्थानिक केंद्रास समृद्ध करते; ते त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच मुद्रित कार्यक्रम थांबवून प्रत्यक्ष बोलण्याची सोय व अधिकार स्थानिक निवेदकाकडे असणे अगत्याचे ठरते.