बेळगावची काँग्रेस : बदल आणि समजूत
डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते आयुष्यात एकदाच. त्या वेळी फेरवादी-नाफेरवादी कलहाने संघटना दुभंगू पाहत होती. सभासदत्वासाठी ४ आण्यांऐवजी दरमहा २००० वार सूत ठरले. परंतु ज्याची कातण्याची इच्छा नसेल, त्याला दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा राहिली. कायदेमंडळ-प्रवेश स्वतःला अमान्य असूनही गांधीजींनी ते कार्य काँग्रेसच्या वतीने दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षाकडे सोपविले. १९२५ मध्ये पाटण्यास ४ आण्यांचा पर्यायही परत आला. मला यात माघार दिसत नाही. आपल्या आग्रहाची मर्यादा ओळखून, ज्यांना बदल जड जातो त्यांना सोबत ठेवणारे नेतृत्व दिसते. शाळा असो वा राष्ट्र, संस्था अशाच टिकतात.