गोष्ट कुणाची?

चिटणीस म्हणाले, "काका, इतिहासावर काहीतरी द्या." म्हणून हे.

नोकरीत असताना फिल्म क्लबात कोबायाशींचा 'क्वायदान' हा जपानी भुतांचा सिनेमा पाहिला. दोन रात्री दिवा लावून झोपलो! (सौ. अजून हसते.) या गोष्टी लिहिणारे हर्नसाहेब मुळात जपानी नव्हतेच, हे निवृत्तीनंतर कळलं.

लाफ्काडिओ हर्न, जन्म १८५०, ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर. आई ग्रीक, वडील आयरिश. आई लहानपणीच दुरावली, वाढले डब्लिनला. पुढे अमेरिकेत वर्तमानपत्रांत लिहिलं, मार्टिनिक बेटावर राहिले आणि १८९० मध्ये जपानला गेले ते कायमचेच. मात्सुए गावी शिक्षक झाले, सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी लग्न केलं, १८९६ मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं. आडनावही सासरचं, कोइझुमी. घरजावईच म्हणा!

त्यांना जपानी पुस्तकं धड वाचता येत नसत. सेत्सुबाई जुन्या गोष्टी शोधून वाचायच्या आणि रात्री त्यांना सांगायच्या. पुस्तक हातात नको, तुझ्या शब्दांत सांग, हा साहेबांचा हट्ट. दोघांचं आपलं असं एक मोडकंतोडकं जपानी होतं, त्यात सगळं चाले.

१९०४ मध्ये 'क्वायदान' छापून आलं, त्याच वर्षी हर्न गेले. पुस्तकावर नाव त्यांचं एकट्याचं. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत खातं जॉइंट, पण पासबुकावर नाव एकच. पुढे सेत्सुबाईंनी आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून तर त्या रात्री आपल्याला कळल्या.