मालेगावचा सुपरमॅन

मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांना दंगल आणि बॉम्बस्फोट एवढंच आठवतं. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी, नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेले मुसलमान आणि आधी पकडले गेले तेही मुसलमान तरुणच. न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं २०१६ मध्ये.

पण याच गावाचा आणखी एक इतिहास आहे. इथं शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि कामगार सिनेमाला गर्दी करतात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास गावातल्याच मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ बनवला. पुढं त्यांनी थेट सुपरमॅनलाच मालेगावात उतरवलं. नायक होता शफीक शेख, अंगानं किरकोळ यंत्रमाग कामगार. त्याला उडवण्यासाठी हिरवा पडदा, साधा कॅमेरा आणि भरपूर जुगाड. शूटिंगच्या वेळी कॅमेरा पाण्यात पडला, तरी काम थांबलं नाही. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात हे सारं पाहायला मिळतं.

शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं गेला. २०२५ मध्ये रीमा कागतींनी या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमा आणला.

आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेले आरोप आपण वर्षानुवर्षं खोडत बसतो. ते करावंच लागतं. पण अमेरिकेच्या महानायकाला आपल्या बोळात आणून पोट धरून हसणारी ही माणसंही आपलीच आहेत. त्यांचीही नोंद आपणच ठेवायला हवी.