रुग्णालयातील इन्फ्लुएंझा रुग्णांवरील औषधचाचणी : रचना आणि निकष

भिलाई (छत्तीसगड) : इन्फ्लुएंझामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांना कोणते औषध खरोखर तारते, हे केवळ रुग्णनोंदींवरून ठरत नाही. स्टेरॉइड बहुधा अत्यवस्थ रुग्णांनाच दिले जाते; त्यांच्यात मृत्यू अधिक आढळले, तरी दोष औषधाचा की आजाराच्या तीव्रतेचा, हे उलगडत नाही. म्हणून चाचणीत उपचारांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केली जाते.

दाखल रुग्ण बहुधा उशिरा येतात. त्यामुळे ताप उतरण्यापेक्षा २८ दिवसांतील मृत्यू, कृत्रिम श्वसनाची गरज आणि घरी परतण्यास लागणारा काळ हे निकष महत्त्वाचे ठरतात. प्रचलित औषध सर्वांना देऊन नव्या औषधाची जोड काहींनाच देणे, ही एक रचना होय. 'फ्लॅगस्टोन' चाचणीत बॅलोक्साविरच्या अशा जोडीने रुग्ण लवकर सुधारल्याचे दिसले नाही.

ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या 'रिकव्हरी' चाचणीत एकाच आराखड्याखाली अनेक औषधे तपासली गेली. डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. इन्फ्लुएंझातही तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून त्यासाठी स्वतंत्र तुलना आवश्यक ठरली.

भारतात चाचणीसाठी नैतिकता समितीची मंजुरी, भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी आणि रुग्णाची लेखी संमती आवश्यक असते. भिलाई पोलाद प्रकल्पाच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयासारख्या मोठ्या औद्योगिक रुग्णालयांनाही हेच नियम लागू होतात.